विश्लेषण : बचावासाठीचे जेलच घातक ठरले तर? योनिमार्गातील औषधांची सुरक्षितता नेमकी कशी तपासतात?

एचआयव्ही रोखण्यासाठी महिलांना स्वतःच्या हाताने वापरता येईल असे जेल तयार करण्याचे प्रयत्न तीन दशकांपासून सुरू आहेत. पुण्यातील महिलांनीही त्याच्या चाचण्यांत भाग घेतला. काही जेल निरुपयोगी ठरली, एकाने तर धोका वाढवला. या इतिहासातून मिळालेला धडा नागपूरच्या औषध दुकानापासून गडचिरोलीच्या उपकेंद्रापर्यंत लागू पडतो.

प्रश्न उद्भवला कुठून?

जुलै २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात जागतिक एड्स परिषद भरली होती. तेथे एका चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले आणि सभागृह सुन्न झाले. नोनॉक्सिनॉल-९ हे रसायन अनेक वर्षे शुक्राणुनाशक म्हणून वापरात होते. प्रयोगशाळेतील परीक्षानळीत ते एचआयव्हीलाही मारत असे. त्यामुळे त्याचे कमी मात्रेचे जेल बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड येथील देहविक्रय करणाऱ्या ८९२ महिलांना देऊन पाहण्यात आले. निम्म्यांना खरे जेल, निम्म्यांना औषध नसलेले जेल. कंडोम वापरण्याचा सल्ला सर्वांनाच होता.

अपेक्षा होती लागण कमी होण्याची. घडले उलटे. ज्यांची माहिती अंतिम विश्लेषणात घेता आली त्यांपैकी नोनॉक्सिनॉल-९ वापरणाऱ्या ३७६ महिलांतील ५९ जणींना एचआयव्हीची लागण झाली. दुसऱ्या गटातील ३८९ पैकी ४५ जणींना झाली. म्हणजे एका बाजूला १६ टक्के, दुसऱ्या बाजूला १२ टक्के. दिवसातून सरासरी साडेतीनपेक्षा अधिक वेळा जेल वापरणाऱ्या महिलांमध्ये तर धोका जवळपास १.८ पट होता. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे आकडे सविस्तर प्रसिद्ध झाले.

विषाणू मारणारे रसायन विषाणूला वाट कशी करून देते, हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांच्या मागे लागला. ‘औषध विषाणूला मारते का’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘औषध महिलेच्या शरीराच्या स्वतःच्या संरक्षणाला धक्का लावते का’ हेही आधी विचारावे लागेल, हे त्यातून स्पष्ट झाले. योनिमार्गात वापरायच्या औषधांची प्रतिकारशक्तीच्या अंगाने सुरक्षितता तपासणे, ही संशोधनाची वेगळी शाखाच त्यातून उभी राहिली.

मुळात अशा जेलची गरज का वाटली?

कारण कंडोम वापरायचा की नाही, हे बहुतेक वेळा पुरुष ठरवतो. घरातील महिलेला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. हे केवळ मत नाही. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ महिलांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी केला. करोनाकाळात केंद्राच्या पत्रकार परिषदांमुळे घराघरांत पोहोचलेले हेच ते डॉ. गंगाखेडकर. या महिलांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या; त्यातील बहुतेक विवाहित आणि पतीव्यतिरिक्त कोणाशीही संबंध नसलेल्या होत्या. तरीही या ३९१ पैकी १३.६ टक्के महिला एचआयव्हीबाधित आढळल्या. हा अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ‘एकनिष्ठ राहा, सुरक्षित राहा’ या सरकारी संदेशातील उणीव उघडी पडली. बायको एकनिष्ठ होती. धोका नवऱ्याकडून आला होता.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यात महिलांचे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३ लाख ९४ हजार बाधित महाराष्ट्रात होते. नवऱ्याची परवानगी न मागता, गरज पडल्यास त्याला न सांगता वापरता येईल असे साधन हवे, ही मागणी अशा परिस्थितीतून आली. अशा जेल, गोळ्या, फिल्म किंवा रिंग यांना शास्त्रज्ञ ‘मायक्रोबिसाइड’ म्हणतात. मराठीत सूक्ष्मजंतुरोधक म्हणता येईल.

महाराष्ट्राचा संबंध काय?

तो बराच जवळचा आहे. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन झाली. मायक्रोबिसाइडच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्यांत हे केंद्र जगाच्या नकाशावर होते. योनिमार्गातील नैसर्गिक आम्लता टिकवणाऱ्या ‘बफरजेल’ची पहिल्या टप्प्यातील सुरक्षितता चाचणी मलावी, झिम्बाब्वे, थायलंड आणि पुणे अशा चार ठिकाणी झाली. कडुनिंबावर आधारित ‘प्रनीम’ या देशी गोळीचीही पुण्यातील महिलांमध्ये चाचणी झाली. ही गोळी ज्येष्ठ रोगप्रतिकारशास्त्रज्ञ डॉ. जी. पी. तलवार यांच्या संशोधनातून आली होती. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत ‘निसिन’ या जिवाणूंपासून मिळणाऱ्या पदार्थाचा याच दृष्टीने अभ्यास झाला.

पुढे टेनोफोव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाचे एक टक्का जेल आले. त्याच्या विस्तारित सुरक्षितता चाचणीत अमेरिकेतील दोन केंद्रांबरोबर पुणे होते. एकूण २०० महिलांनी २४ आठवडे हे जेल किंवा औषधविरहित जेल वापरले; काहींनी रोज, काहींनी संबंधापूर्वी. मूत्रपिंड, यकृत आणि जननमार्गावर काही विपरीत परिणाम होतो का, हे पाहिले गेले. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष फेब्रुवारी २००८ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या मायक्रोबिसाइड परिषदेत मांडण्यात आले. टेनोफोव्हिर जेल पुढच्या मोठ्या चाचण्यांसाठी पात्र ठरले, त्यात पुण्याच्या या महिलांचा वाटा आहे.

जखम न होताही धोका कसा वाढतो?

यासाठी योनिमार्गाचे संरक्षण कसे चालते ते पाहायला हवे. पहिली तटबंदी म्हणजे पेशींचे अनेक थर असलेले अस्तर. गर्भाशयमुखाच्या आतल्या भागात मात्र हा थर एकाच पेशीचा असतो, म्हणून ती जागा नाजूक. दुसरी तटबंदी म्हणजे चिकट स्राव. तिसरी म्हणजे लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू. दह्यातील जिवाणूंच्या कुळातले हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तेथील पीएच साधारण ३.५ ते ४.५ इतका आम्लधर्मी राहतो. अनेक रोगजंतूंना ही आम्लता सोसत नाही.

चौथी तटबंदी प्रतिकारपेशींची. येथेच गोम आहे. एचआयव्ही ज्या पेशींत शिरून वाढतो, त्या सीडी-४ पेशी प्रतिकारशक्तीच्याच शिपाई आहेत. अस्तराला इजा झाली की तेथील पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. या संदेशांना सायटोकाइन आणि केमोकाइन म्हणतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ ही त्यातील काही नावे. हाक ऐकून नव्या पेशी धावत येतात. इतर जंतूंच्या बाबतीत ही कुमक उपयोगी पडते. एचआयव्हीला मात्र आयती शिकार मिळते. आग विझवायला धावून आलेल्यांच्याच घरात चोर शिरावा, तसा हा प्रकार.

नोनॉक्सिनॉल-९ हे एक प्रकारचे डिटर्जंट आहे. ते विषाणूचे आवरण फोडते, तसेच मानवी पेशींचे आवरणही फोडते. फुटलेल्या पेशींतून इंटरल्युकिन-१ बाहेर पडते, त्यातून इंटरल्युकिन-८ वाढते आणि दाह सुरू होतो. लॅक्टोबॅसिलसही मरतात. डोळ्यांना दिसेल अशी जखम प्रत्येक वेळी होतेच असे नाही, परंतु आतून तटबंदी खिळखिळी झालेली असते. वारंवार वापरणाऱ्या महिलांना धोका अधिक का होता, याचे उत्तर यात आहे.

माकडांवरील प्रयोगांनी याला दुजोरा दिला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे अ‍ॅशली हासे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की विषाणू योनिमार्गात आल्यावर अस्तरातून निघणारे दाहाचे संदेशच त्याला नव्या पेशी पुरवतात. हे संदेश दाबणारा एक साधा स्निग्ध पदार्थ वापरल्यावर माकडांना लागणीपासून संरक्षण मिळाले.

मग आता तपासणी कशी होते?

पायऱ्यापायऱ्यांनी. पूर्वी मुख्य भिस्त सशांवरील चाचणीवर असे. सशाच्या योनिमार्गात सलग १० दिवस पदार्थ लावायचा आणि ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सूज, पेशींची झीज, रक्ताधिक्य यांना गुण द्यायचे. ही चाचणी ढोबळ इजा पकडते, पण प्रतिकारशक्तीतील सूक्ष्म बदल तिच्या हातून निसटतात.

आज त्याच्या जोडीला अनेक परीक्षा आल्या आहेत. योनिमार्गाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यावर पदार्थ टाकतात आणि पेशी किती जगल्या याबरोबरच कोणते सायटोकाइन किती निघाले हे मोजतात. अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल झाले का, हे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधावरून कळते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयमुखाच्या ऊतकाचे तुकडे जिवंत ठेवून, आधी पदार्थ आणि मग विषाणू लावून पाहतात. उंदरांना पदार्थ लावून थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणू देतात. पदार्थ न लावलेल्या उंदरांपेक्षा त्यांना लागण लवकर झाली, तर धोक्याची घंटा. लॅक्टोबॅसिलसवर होणारा परिणाम वेगळा पाहिला जातो.

यानंतर महिलांचा सहभाग येतो. पहिल्या टप्प्यात थोड्या, निरोगी, एचआयव्ही नसलेल्या महिला असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार कॉल्पोस्कोपने, म्हणजे भिंगाच्या साहाय्याने, अस्तरावर ओरखडा, लाली किंवा सोललेपणा आहे का ते पाहतात. योनिमार्ग क्षारद्रवाने हलकेच धुऊन तो द्रव गोळा करतात आणि त्यातील सायटोकाइन, नैसर्गिक जंतुरोधक प्रथिने आणि प्रतिकारपेशी मोजतात. काही चाचण्यांत तांदळाच्या दाण्याएवढा ऊतकाचा तुकडा घेऊन त्यातील सीडी-४ पेशींची संख्या पाहतात.

ऐकायला सोपे, करायला अवघड. मासिक पाळीच्या कोणत्या दिवशी नमुना घेतला, महिलेने गर्भनिरोधक इंजेक्शन घेतले आहे का, आदल्या रात्री संबंध आला होता का, या सगळ्यांनी सायटोकाइनचे आकडे बदलतात. म्हणून त्याच महिलेचा जेल वापरण्यापूर्वीचा नमुना आणि तुलनेसाठी औषधविरहित जेल वापरणारा दुसरा गट, दोन्ही लागतात. त्यातही औषधविरहित जेल खरोखर निरुपद्रवी असावे लागते. यासाठी हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोजचे एक प्रमाणित जेल जगभर वापरले गेले. आणि सर्वांत अवघड प्रश्न उरतोच : इंटरल्युकिन किती वाढले म्हणजे धोका मानायचा? रक्तदाबासारखी ठरलेली रेघ येथे नाही.

इतके तपासूनही चूक होते का?

झाली. सेल्युलोज सल्फेटचे जेल आधीच्या लहान चाचण्यांत सुरक्षित वाटले होते. कॉल्पोस्कोपमध्ये काही वावगे दिसले नव्हते. त्याची मोठी चाचणी आफ्रिकेतील तीन आणि भारतातील दोन केंद्रांवर सुरू झाली. भारतातील केंद्रे होती चेन्नई आणि उत्तर कर्नाटकातील बागलकोट. सोलापूर-सांगलीच्या वाचकांना बागलकोट काही परके नाही. जानेवारी २००७ मध्ये ही चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण जेल वापरणाऱ्या गटात लागण अधिक दिसू लागली होती. १,३९८ महिलांच्या अंतिम विश्लेषणात खरे जेल घेणाऱ्या २५ आणि औषधविरहित जेल घेणाऱ्या १६ महिलांना लागण झाल्याचे दिसले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, इतपत लहान आहे, असे संख्याशास्त्र सांगते. पण संरक्षण नव्हते, हे नक्की. पुढील प्रयोगशाळा अभ्यासांत हे जेल अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल करते आणि त्यामुळे विषाणूला वाट मिळू शकते, असे आढळले. ही चाचणी आधी झाली असती, तर?

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने आकडे मधल्या टप्प्यावर उघडून पाहिले म्हणूनच ती वेळेत थांबली. अशा समित्यांना कागदी सोपस्कार समजणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे.

टेनोफोव्हिर जेलचे काय झाले?

२०१० मध्ये व्हिएन्नाच्या एड्स परिषदेत टाळ्यांचा कडकडाट झाला. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात ८८९ महिलांवर झालेल्या चाचणीत टेनोफोव्हिर जेलने लागण ३९ टक्क्यांनी कमी केली होती. कुराइशा आणि सलीम अब्दुल करीम या दाम्पत्याने ही चाचणी केली. परंतु २०१३ आणि २०१५ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत हे यश पुन्हा दिसले नाही. एका कारणाची चर्चा खूप झाली : अनेक महिलांनी जेल नियमित वापरलेच नव्हते. २०१३ च्या चाचणीत जेल गटातील रक्ताच्या केवळ एक-चतुर्थांश नमुन्यांत औषधाचा अंश सापडला.

दुसरे कारण उशिरा उमगले, आणि ते प्रतिकारशक्तीशी जोडलेले आहे. क्वाझुलू-नातालच्या महिलांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले. ज्यांच्या योनिमार्गात आधीपासून दाह होता, त्यांना लागणीचा धोका तिपटीहून अधिक असल्याचे २०१५ मध्ये दिसले. २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले, की लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य असलेल्या महिलांमध्ये जेलने ६१ टक्के संरक्षण दिले. इतर जिवाणूंचे प्राबल्य असलेल्यांत केवळ १८ टक्के. गार्डनेरेला नावाचे जिवाणू औषधच फस्त करत होते. २०१८ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये तिसरी भर पडली : दाह नसलेल्या महिलांत संरक्षण ५७ टक्के, दाह असलेल्यांत अवघे ३ टक्के.

याचा अर्थ सरळ आहे. औषध तेच आणि मात्रा तीच असली, तरी फळ महिलेच्या आधीच्या आरोग्यावर ठरले. ज्या महिलेच्या अंगावरून जाण्याकडे कधी कोणी लक्ष दिले नाही, तिलाच औषधाचा उपयोग सर्वांत कमी झाला.

विदर्भाने याकडे का पाहावे?

कारण जगाला हा धडा शिकायला लागण्याच्या किती तरी आधी विदर्भाने त्याची पहिली ओळ लिहिली होती. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. राणी बंग यांनी डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांसह गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधल्या ६५० महिलांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के महिलांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे दिसले. प्रत्येक महिलेमागे सरासरी ३.६ आजार होते आणि त्यातील निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. यापूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या महिला होत्या फक्त ८ टक्के.

या आकड्यांना साडेतीन दशके उलटली. रस्ते आले, ‘आशा’ आल्या, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली. तेच चित्र आजही जसेच्या तसे आहे असे म्हणणे अन्याय ठरेल. पण ‘पांढरे जाते’ ही तक्रार आजही चारचौघांत बोलली जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्दी असते, आडोसा नसतो, कधी महिला डॉक्टर नसते. मग तक्रार अंगावरच काढली जाते.

अशा महिला सुरक्षितता चाचणीत येतच नाहीत. पहिल्या टप्प्यासाठी निरोगी महिला निवडायच्या असल्याने संसर्ग असलेल्या वगळल्या जातात. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र औषध बाजारात आल्यावर ते वगळलेल्या महिलांच्याच हाती जाते. निरोगी अस्तरावर निरुपद्रवी ठरलेला पदार्थ सुजलेल्या अस्तरावर तसाच वागेल, याची हमी कोणी दिलेली नसते. चाचणीच्या पुढच्या टप्प्यांत या महिलांचा वेगळा गट ठेवून, योग्य उपचारांसह, पाहणी करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नागपुरात त्यासाठी लागणारी जमीन तयार आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो रुग्णालय आणि एम्स येथे आहेत. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आणि गडचिरोलीची ‘सर्च’ संस्था याच पट्ट्यात आहेत. प्रसूतीवेळी अ‍ॅझिथ्रोमायसिन देण्याच्या, २०२३ मध्ये निष्कर्ष आलेल्या, बहुराष्ट्रीय चाचणीत नागपूर हे एक केंद्र होते. विदर्भातील महिलांच्या योनिमार्गातील जिवाणू आणि दाहाचे मूळ प्रमाण किती, याची नोंद येथेच होऊ शकते. ती नसेल, तर आफ्रिकेचे किंवा अमेरिकेचे आकडे आपल्या महिलांना लावत बसावे लागेल.

आता सहा महिन्यांचे इंजेक्शन आले, मग हा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. लेनाकापाविर हे वर्षातून दोनदा घ्यायचे इंजेक्शन २०२४ च्या चाचणीत कमालीचे यशस्वी ठरले. आफ्रिकेतील ते घेणाऱ्या २,१३४ महिलांपैकी एकीलाही लागण झाली नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याच्या स्वस्त आवृत्त्या तयार करण्याचे परवाने मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. त्याआधी डॅपिव्हिरिन औषधाची, महिनाभर योनिमार्गात ठेवायची सिलिकॉनची रिंग आली. तिने दोन मोठ्या चाचण्यांत लागण साधारण एक-तृतीयांशाने कमी केली आणि २०२१ मध्ये तिलाही शिफारस मिळाली.

तरीही तीन कारणांनी हा विषय संपत नाही. एक, इंजेक्शन घेण्यासाठी दवाखान्यात जावे लागते. प्रत्येकीला ते जमेल असे नाही. दुसरे, गर्भधारणा, एचआयव्ही आणि हर्पिस एकत्र रोखणाऱ्या साधनांवर काम सुरू आहे आणि त्यातील अनेक योनिमार्गातच वापरायची आहेत. तिसरे कारण सर्वांत जवळचे आहे. ते औषधाच्या दुकानात मांडलेले आहे.

दुकानातल्या बाटलीचा काय संबंध?

सीताबर्डी असो वा इतवारी, औषध दुकानात आणि मोबाइलवरील विक्री अ‍ॅपवर ‘इंटिमेट वॉश’, ल्युब्रिकंट, सुगंधी वाइप्स यांची रांग लागलेली दिसते. एचआयव्हीविरोधी जेलला ज्या चाळण्यांतून जावे लागले, त्यातील किती चाळण्या या बाटल्यांनी पार केल्या, हे बाटलीवर लिहिलेले नसते. अनेक उत्पादने प्रसाधन म्हणून विकली जातात. औषधासारख्या मानवी चाचण्या त्यांना लागू होत नाहीत. ‘पीएच संतुलित’ एवढे दोन शब्द छापले की ग्राहकाचे समाधान होते.

ल्युब्रिकंटच्या बाबतीत तर मोजता येणारा निकष उपलब्ध आहे. त्याला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांची दाटी. ती शरीरातील द्रवापेक्षा फार जास्त असेल, तर मिठात घातलेल्या कैरीच्या फोडीसारखे पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि अस्तर सुकून सोलवटते. ग्लिसरीन जास्त असलेल्या जेलमध्ये हे होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या सूचनेनुसार ही पातळी शक्यतो ३८० पेक्षा अधिक नसावी आणि कोणत्याही परिस्थितीत १,२०० ओलांडू नये. टेनोफोव्हिरच्या मूळ जेलमध्येच ती ३,००० च्या पुढे होती; नंतर ग्लिसरीन कमी करून जेल सुधारावे लागले. संशोधकांना ही चूक दुरुस्त करावी लागली, मग दुकानातील बाटलीने हा आकडा छापायला काय हरकत आहे?

नोनॉक्सिनॉल-९ असलेली गर्भनिरोधके आजही अनेक देशांत मिळतात, भारतातही. कमी जोखमीच्या महिलेने गर्भनिरोधक म्हणून क्वचित वापरणे वेगळे. पण एचआयव्हीचा धोका असलेल्या महिलांनी ते वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत २००७ मध्ये जाहीर झालेल्या नियमानुसार हा इशारा वेष्टनावर छापणे सक्तीचे आहे. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत, तोच इशारा येथेही हवा.

पुढे काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट, योनिमार्गात वापरायच्या कोणत्याही नव्या उत्पादनाला, मग ते औषध असो, वनौषधी असो की प्रसाधन, किमान प्रयोगशाळेतील दाह चाचणी आणि लॅक्टोबॅसिलसवरील परिणामाची चाचणी बंधनकारक व्हावी. या चाचण्यांना वर्षे लागत नाहीत. ‘नैसर्गिक आहे’ हा त्यातून सुटण्याचा परवाना असू नये. विस्तवही नैसर्गिकच असतो.

दुसरी, नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत सहभागी व्यक्तींच्या संमतीची आणि भरपाईची तरतूद आहे. तिचा अर्थ महिलेला कळेल अशा भाषेत पोहोचला पाहिजे. ‘या जेलने संरक्षण मिळेलच असे नाही, कदाचित धोका वाढूही शकतो’ हे वाक्य संमतीपत्राच्या पहिल्या पानावर हवे, अठराव्या नव्हे.

तिसरी, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित : प्राथमिक आरोग्य केंद्रात जननमार्गाच्या संसर्गाचे निदान आणि उपचार, आडोसा आणि आदर राखून. दाह कमी झाला तर उद्या येणारे कोणतेही साधन अधिक उपयोगी ठरेल. साधन आले नाही, तरी ती महिला बरी झालेली असेल.

तोवर वाचकांनी काय करावे?

योनिमार्ग आतून साबण, डेटॉलसारखी जंतुनाशके किंवा वॉशने धुऊ नये. तो स्वतःला स्वच्छ ठेवतो. बाहेरून साधे पाणी पुरेसे असते. दुर्गंधी, खाज, रंग बदललेला स्राव किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर शेजारणीने सांगितलेले मलम न लावता तपासणी करून घ्यावी, आणि गरज असल्यास जोडीदारानेही उपचार घ्यावेत. लागणीची शंका असल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेल्यास प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय असते. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १०९७ आहे.

डर्बनमध्ये जाहीर झालेल्या त्या आकड्यांमागे ५९ महिला होत्या. स्वतःच्या बचावासाठी हाती आलेले साधन त्यांनी विश्वासाने वापरले होते. त्यांच्यामुळे जगाला योग्य प्रश्न विचारता आला. तोच प्रश्न आपल्या दुकानातील बाटलीला आणि आपल्या आरोग्य केंद्राला विचारणे, एवढे तरी त्यांचे देणे आहे.